सागवानी डायनिंग टेबल विकायचंय, किंमत किती सांगावी?

प्रश्न थोडक्यात असा : कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीतलं आई-वडिलांचं घर पुनर्विकासासाठी दोन महिन्यांत रिकामं करायचंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९९८ साली सुतार घरी बसवून करून घेतलेलं सागवानी डायनिंग टेबल आहे, पाच बाय तीन फुटांचं, सहा खुर्च्यांसह. सोबत भिंतीला ठोकलेलं क्रॉकरीचं कपाट. जुनं फर्निचर घेणारा येऊन बघून गेला, सहा हजार म्हणाला. मामा म्हणतात, आजचा सागाचा भाव बघता साठ हजारांच्या खाली देऊ नका. आईची एवढीच इच्छा, की टेबल चांगल्या घरी जावं. तर किती सांगावी?

मी पुण्यात २६ वर्षं जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री आणि पॉलिशचं काम करतो. तुम्ही लिहिलंय तसंच टेबल असेल, तर १९,५०० सांगा आणि १७ हजारांच्या आसपास द्यायची मनाची तयारी ठेवा. पण टेबल मी पाहिलेलं नाही, म्हणून आकडा कसा काढला ते सगळं सांगतो. तुमच्याकडचे तपशील वेगळे निघाले तर तुम्हालाच तो दुरुस्त करता येईल.

माझी पद्धत एकच आहे. तुमचं टेबल घेणाऱ्याच्या घरात मांडून, त्यावर त्यांचं पहिलं जेवण होईपर्यंत त्यांचे एकूण किती पैसे जातील, हे आधी काढायचं. मग तिथून उलटं मोजत तुमच्या दारापर्यंत यायचं. तुम्ही १९९८ साली किती दिले, याचा इथे काही संबंध येत नाही. तेव्हाची पावती सापडली तर जपून ठेवा, पण घेणाऱ्याला दाखवू नका. ती बघून कोणी जास्त देत नाही, उलट ‘तेव्हा एवढ्यातच झालं होतं की’ म्हणून घासाघीस सुरू होते.

मामांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. साग खरंच महाग झालाय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाच्या सागाला पूर्वीपासून मान आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली तिथूनच लाकूड गेलं. पण टेबलात लाकूड भरतं किती? टेप घेऊन बसा. पाच बाय तीनचा इंचभर जाडीचा वरचा भाग म्हणजे सव्वा घनफूट. तीन इंच चौरस पाय, चार मिळून जेमतेम ०.६. पायांना जोडणाऱ्या चारही बाजूच्या पट्ट्या साधारण ०.४. एका साध्या खुर्चीत ०.३५ ते ०.४ घनफूट, म्हणजे सहांत सव्वादोनच्या आसपास. सगळं मिळून साडेचार घनफूट. समजा आज वखारीत चांगला साग घनफुटाला चार हजार आहे (फोन करून विचारा, प्रतीनुसार बराच फरक पडतो), तर झाले १८ हजार. तेही नव्या, लांब, सरळ फळ्यांचे. तुमच्या टेबलातलं लाकूड आखूड तुकड्यांत कापलेलं, भोकं पाडलेलं, रंगवलेलं आहे. वखारवाला त्याला तो भाव देणार नाही. साठ हजार हा आकडा तसंच टेबल आज नव्याने करून घेण्याच्या खर्चाजवळ जातो. लाकूड, वाया जाणारं लाकूड, सुताराची मजुरी, पॉलिश, खुर्च्यांवरच्या उशा सगळं धरून. पण एवढे पैसे खर्चायची तयारी असलेला माणूस स्वतःच्या मापाचं, स्वतःच्या पसंतीचं नवंच करून घेतो. तो तुमच्या तिसऱ्या मजल्यावर येत नाही.

येणार कोण? वाकड, बाणेर, सिंहगड रोडला नुकताच फ्लॅट घेतलेलं जोडपं, किंवा मुलं मोठी झाली म्हणून चार खुर्च्यांवरून सहा खुर्च्यांवर जाणारं कुटुंब. त्यांच्यासमोर तुमच्या टेबलाला पर्याय म्हणजे दुकानातलं तयार शिसमचं किंवा रबरवुडचं टेबल. म्हणून तुलना त्याच्याशी करायची. एखादा रविवार घालवून तीन दुकानांत पाच बाय तीनच्या, सहा खुर्च्यांच्या भरीव लाकडाच्या सेटची किंमत विचारा, जीएसटी आणि घरपोच धरून. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त आकडा सोडून मधला घ्या. उदाहरणासाठी आपण ४८ हजार धरू.

आता या ४८ हजारांतले किती टक्के तुमच्या टेबलाला लावायचे, हे टेबल सांगतं. त्यासाठी त्याच्याखाली शिरावं लागतं.

२००७ साली डेक्कनवरच्या एका घरातून मी एक टेबल सागवानी म्हणून घेतलं. पाय बघितले, अस्सल साग. वरच्या बाजूचे रेषे सुंदर होते. खाली वाकून बघितलं नाही, कारण संध्याकाळ झाली होती आणि टेम्पोवाला घाई करत होता. कारखान्यात पॉलिशवाल्याने पॉलिशपेपर मारायला घेतला आणि दहाव्या मिनिटाला मला हाक मारली. मधोमध तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला होता. वरचा सागाचा पापुद्रा घासून गेला आणि खालचा ब्लॉकबोर्ड, म्हणजे हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेला तयार बोर्ड, उघडा पडला. विकणाऱ्या काकूंनी फसवलं नव्हतं. त्यांनाही तीस वर्षं ते सागवानीच वाटत होतं. त्या टेबलाचे माझे निम्मे पैसे गेले. तेव्हापासून टॉर्च घेऊन आडवं पडल्याशिवाय मी भाव बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

खालून काय बघायचं? वरच्या बाजूला दिसणारी रेषांची नक्षी खालीही तशाच वळणाने गेलेली दिसली पाहिजे, आणि कडेच्या आडव्या कापात उभ्या रेषांची टोकं दिसली पाहिजेत. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड असू शकतो. खालच्या बाजूला सहसा पॉलिश नसतं; तिथे एका कोपऱ्यात चाकूच्या टोकाने किंचित खरवडा आणि वास घ्या. सागाला जुन्या चामड्यासारखा, जरा तेलकट वास येतो. पंचवीस-तीस वर्षांनीही येतो. रंग सोनेरी तपकिरी असेल तर ते गाभ्याचं लाकूड. मध्येच फिकट पांढुरके पट्टे दिसले तर ते झाडाच्या कडेचं लाकूड, त्याला वाळवी लागते. गाभ्याला सहसा लागत नाही. सुतार असे पट्टे रंग देऊन झाकतात, त्यात गैर काही नाही, पण पायांच्या तळाशी तेच लाकूड असेल तर तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. फरशी पुसताना वर्षानुवर्षं ओल लागते ती तिथेच. खाली बारीक पिवळसर भुकटी पडत असेल तर लाकडाला कीड आहे, आणि ती घेणाऱ्याला सांगायलाच हवी. तुमच्या टेबलातून ती त्याच्या घरातल्या दुसऱ्या लाकडात जाते.

मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका दोरा ताणून धरा, दोन्ही बाजूंनी. फळी वाकली असेल तर दोऱ्याखाली फट दिसते किंवा फळीचा मधला भाग दोऱ्याला वर ढकलतो. फळ्यांचे जोड उघडले असतील तर नखाला जाणवतं.

खुर्च्यांवर जास्त वेळ घालवा. टेबल सहसा टिकतं, मोडतात त्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. बसायची चौकट मागच्या पायाला जिथे मिळते, त्या सांध्यावर सगळं वजन येतं. घरी बसवलेल्या सुताराने तो सांधा लाकडात खाच पाडून बसवलेला असेल, तर सैल झाला तरी सोडवून, सरस लावून पुन्हा घट्ट होतो. नुसते खिळे मारून नंतर कोणीतरी लोखंडी पट्टी ठोकली असेल, तर ती खुर्ची कमीच धरा. आणि सहाच्या सहा आहेत ना? पाच खुर्च्यांच्या सेटला बाजारात चार खुर्च्यांच्या सेटचाच भाव येतो. सहावी गॅलरीत कुंड्या ठेवायला गेली असेल तर आजच आत आणा.

टेबलावर गरम भांड्यांचे पांढरे गोल डाग असतील. सगळ्यांच्याच टेबलांवर असतात, आणि बघणारा त्यांनाच घाबरतो. १९९८ चं घरी केलेलं काम म्हणजे बहुतेक चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश असणार. तसं असेल तर डाग लाकडात नाही, वरच्या थरात आहे. पॉलिशवाला स्पिरिट-चपड्याचा बोळा फिरवून तो घालवतो. मेलामाइन, म्हणजे कडक रासायनिक पॉलिश, असेल तर तसं होत नाही, वरचा सगळा भाग घासून काढावा लागतो आणि खर्च वाढतो. ओळखायचं कसं? खालच्या बाजूला पॉलिशचा ओघळ सापडला तर त्यावर स्पिरिटचा कापूस मिनिटभर धरा. चपडा चिकट होतो.

हे सगळं नीट निघालं, म्हणजे भरीव साग, सपाट फळी, सहा खुर्च्या, एखादीच सैल, तर मी नव्याच्या ६० टक्के धरतो. ब्लॉकबोर्डवर सागाचा पापुद्रा असेल तर ३५. कीड असेल तर हिशोबच करू नका, लाकूड म्हणून जे येईल ते घ्या.

४८ हजारांचे ६० टक्के म्हणजे २८,८००. एवढे घेणाऱ्याचे, त्याच्या घरात, वापरायला तयार अवस्थेत. आता त्याला करावा लागणारा खर्च वजा करा. टेबलाचा वरचा भाग घासून आणि खुर्च्यांवर एक हात मारून पॉलिश, ६ हजार. सहा उशांचा फोम आणि रेक्झिन, एकेक ४५० धरून २,७००. सैल खुर्ची, ६०० रुपये. तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं, छोटा हत्ती, दोन हमाल, तिकडे चढवणं, २,५००. एकूण ११,८००. उरले १७ हजार. हे दर माझ्या माणसांचे आहेत. तुमच्या भागात विचारून बदलून घ्या, पद्धत तीच राहील.

याच हिशोबावर सहा हजार म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बघा. तोही टेबल खाली उतरवणार, सगळं पॉलिश करणार, उशा बदलणार, मग दोन-तीन महिने गोदामात ठेवून २५-२६ हजारांना विकणार. त्याचे ११-१२ हजार त्यातच जातात, वर जागेचं भाडं, अडकलेला पैसा, आणि न विकलं जाण्याची भीती. सहा हजार ही लूट नाही. तो पहिला आकडा आहे. सगळं सामान एकदम उचलतोस का, असं विचारलंत तर याच टेबलाचे तो नऊपर्यंत देईल. फक्त त्याला घर रिकामं करायची तारीख सांगू नका. ती कळली की तो शेवटच्या आठवड्यापर्यंत फिरकणार नाही, आणि आला की पाच म्हणेल.

विकण्याआधी काय दुरुस्त करावं, हे मला सगळ्यांत जास्त विचारतात. माझं ठाम मत : उशा बदला, सैल खुर्ची घट्ट करून घ्या, पॉलिश करू नका. फाटक्या रेक्झिनकडे बघून घेणारा मनात पाच-सहा हजार वजा करतो, कारण त्याला दर माहीत नसतो. तुमचे मात्र २,७०० जातात. डुगडुगणाऱ्या एका खुर्चीमुळे त्याचा सहाही खुर्च्यांवरचा विश्वास जातो. पॉलिशचं उलटं आहे. तुम्ही गडद करून घेतलं आणि त्याला फिकट हवं असेल तर तुमचे सहा हजार वाया. शिवाय ताज्या पॉलिशखाली काय लपवलंय, अशी शंका येते. त्याऐवजी पॉलिशवाल्याला बोलावून त्याच्याकडून खर्च कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बघायला येणाऱ्याला दाखवा. समोर ६ हजारांचा आकडा असला की कोणी अंदाजाने १२ वजा करत नाही. उशा आणि खुर्ची तुम्ही करून दिलीत तर वजावट तेवढी कमी होते, म्हणजे अपेक्षित किंमत २०,३०० होते आणि सांगायची २३ हजारांपर्यंत जाते. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी हेच करावं.

तुम्ही काहीच न करता विकणार असाल तर १९,५००. बरेच जण ऑनलाइन जाहिराती शोधताना २० हजारांची मर्यादा टाकून शोधतात. २१ लिहिलंत तर त्यांना तुमचं टेबल दिसतच नाही, आणि १७ अपेक्षित असताना १७ च सांगितलं तर घासाघिशीत १४ वर याल. पहिले तीन आठवडे १९,५०० वर राहा. बघून गेलेल्यांपैकी कोणीच आकडा बोललं नाही तर १७,५०० करा. सहाव्या आठवड्यात १५. घर सोडायच्या दहा दिवस आधी दुकानदाराला फोन. तुमचे दोन महिने पितृपक्षात येत असतील तर ते पंधरा दिवस मोजू नका, त्या दिवसांत घरात नवी वस्तू आणायला आपल्याकडे अनेक जण तयार नसतात. दसऱ्याच्या आधीचा आठवडा मात्र चांगला.

आता आईंचं. टेबल चांगल्या घरी जावं ही इच्छा मला फार ऐकू येते आणि मी ती गंभीरपणे घेतो. आठवणींचे पैसे किमतीत घालता येत नाहीत, घेणारा ते देणार नाही. पण शेवटचा भाव कोणासाठी किती खाली आणायचा, हा अधिकार आईंना द्या. रोज जेवायला बसणारं कुटुंब १५ म्हणत असेल आणि पुन्हा विकणारा १६, तर आई ठरवतील. मी दोन्ही प्रकारचे व्यवहार केलेत, आणि पहिल्या प्रकारात टेबल जाताना घरातल्यांचा चेहरा वेगळा असतो.

इतर प्रकारच्या टेबलांबद्दल थोडक्यात. ऑनलाइन घेतलेला रबरवुडचा सेट, चार-पाच वर्षं वापरलेला : नव्याच्या ३० ते ३५ टक्के, त्यातून वाहतूक वजा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ : पाण्याने कडा फुगल्या नसतील तर १५-२० टक्के, फुगल्या असतील तर कोणी नेलं तर बरं. लोखंडी पायांवर काचेचं टेबल : काच चांगली असली तरी भाव येत नाही, कारण न्यायची भीती वाटते. १२ मिलिमीटरची पाच बाय तीनची काच सुमारे ४२ किलो भरते. ग्रॅनाइटचं त्याहून अवघड.

शंभर वर्षांची शिसवी टेबलं ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे पूर्वी जेवण पाटावर, त्यामुळे वाड्यातून आलेलं डायनिंग टेबल असं कोणी सांगितलं तर मी जरा थांबतो. खरी जुनी टेबलं कॅम्पातले बंगले, पारशी घरं किंवा गोव्यातली ख्रिस्ती घरं इथून येतात. तसं काही असेल तर माझा हा हिशोब वापरू नका, जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात आणि तशा वस्तू परदेशातल्या मुलांकडे पाठवून देता येत नाहीत.

तुमच्या क्रॉकरीच्या कपाटाचे वेगळे पैसे धरू नका. भिंतीवरून काढताना प्लायचे कोपरे तुटतात. टेबल घेणाऱ्याला हवं असेल तर तेच पुढे करा : ‘१७ ला ठरवू, कपाट तसंच घेऊन जा.’ अडलेली घासाघीस इथे बऱ्याचदा सुटते.

जाहिरातीत मापं इंचांत लिहा, टेबलाची उंचीसुद्धा, आणि एक फोटो खालच्या बाजूचा टाका. जाणणारा माणूस त्या एका फोटोवर फोन करतो. मजला आणि लिफ्ट नसल्याचं आधीच लिहा, नाहीतर तो येऊन जिना बघून हजार कमी करेल. ‘शेवटचं किती?’ असा मेसेज येईलच. त्याला आकडा देऊ नका. ‘येऊन बघा, खुर्चीवर बसा, मग बोलू’ एवढंच. फोनवर कमी केलेले दोन हजार तो समोर आल्यावर विसरतो आणि तिथून पुन्हा सुरुवात करतो.

न बघताच पूर्ण किंमत द्यायला तयार झालेला, लष्करात बदलीवर आहे असं सांगणारा, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड स्कॅन करा म्हणणारा माणूस आला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. हे आई-बाबांनाही सांगून ठेवा, कारण दिवसा फोन तेच उचलतात. आणि आयकराची काळजी करणाऱ्यांसाठी : स्वतःच्या घरात वापरलेल्या फर्निचरच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

ठरलं की दोन हजार टोकन घ्या आणि चार दिवसांत उचलायचं ठरवा. उरलेले पैसे खात्यात आलेले बघूनच पहिली खुर्ची जिन्यात जाऊ द्या. टेबल उतरवायच्या आदल्या रात्री वरची फळी खालच्या चौकटीपासून सोडवता येते का बघा. १९९८ च्या कामात बहुतेक स्क्रू खालून असतात. निघाली तर कोथरूडच्या अरुंद जिन्यातून ती उभी नेता येते, भिंतीला किंवा कडेला ओरखडा न पडता. काढलेले स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी चौकटीच्या पायाला सुतळीने बांधा. खिशात ठेवलेले स्क्रू तुमच्याच घरी राहतात आणि रात्री दहा वाजता तिकडून फोन येतो.